हौदा झाकला आणि मोटार झाली

टाटा सिएरा म्हटलं की पन्नाशी उलटलेल्या माणसाचे डोळे आजही चमकतात. मागच्या बाजूला थेट छतात वळत गेलेली ती मोठी काच, तीनच दारं आणि एरवी ट्रक बनवणाऱ्या कंपनीने घरातल्या माणसांसाठी काढलेली गाडी असल्याचा रुबाब. सिएरा आली 1991 साली. तिच्या तीन वर्षं आधी जवळपास तोच चेहरा आणि तेच इंजिन घेऊन एक गाडी रस्त्यावर उतरली होती. तिच्या पाठीला काच नव्हती, हौदा होता. टाटांच्या पुण्यातल्या टेल्कोने 1988 मध्ये बाजारात आणलेली ही टाटामोबाईल 206. आज तिचं नाव काढलं तर समोरचा हमखास विचारतो, 'म्हणजे आपली 207 का?' नाही. 207 डीआय नंतरची, आणि तिचा स्वभाव वेगळा.

टेल्कोच्या आकड्यांना तेव्हा अर्थ असायचा. 1210 म्हणजे बारा टनी गाडी आणि शंभर अश्वशक्तीचं इंजिन. 407 म्हणजे चार टनी, सत्तर अश्वशक्ती. गॅरेजवाल्यांना हा हिशेब तोंडपाठ. त्याच हिशेबाने 206 म्हणजे दोन टन आणि साठीच्या घरातली अश्वशक्ती. हे दोन टनही गाडी, ड्रायव्हर आणि माल सगळं धरून. मालाच्या वाट्याला उरायचं ते टनाच्या आसपास. कंपनीच्या बाकीच्या मालगाड्या नुसत्या आकड्यांवर ओळखल्या जात. हिला मात्र नावही होतं, आणि ते नाव पोत्यांशी नातं सांगणारं नव्हतं.

गाडीही तशीच. त्या काळी मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, जिचं राज्य होतं त्या मॅटाडोरमध्ये इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या बाजूला झाकणाखाली असे. उन्हाळ्यात ड्रायव्हरचा डावा पाय भाजून निघायचा, आणि इंजिनचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागे. 206 मध्ये इंजिन पुढे, बॉनेटखाली. माणूस मागे, मोटारीत बसतो तसा. चौकोनी दिवे, सरळ कापलेलं लांब नाक, दोन दारं. इंजिन 1,948 सीसीचं, चार सिलिंडरचं डिझेल. पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला त्याची फारशी खबर नाही. मागे मात्र ट्रकसारखे पाटे, कारण शेवटी ओझं तिथेच पडणार. पुढून मोटार आणि मागून मालगाडी, असा हा जोड होता. खाली चासी मालगाडीचीच, शिडीच्या आकाराची. त्यामुळे काटेकोर अर्थाने ही 'मोटारीपासून बनवलेली पिकअप' नव्हे. पण जो माणूस मोटारीत बसायला आणि मालही न्यायला एकच गाडी मागतो, त्याच्यासाठीच ती काढलेली होती.

असा माणूस जगात इतरत्र होता. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीकडे 1932 च्या सुमारास एका शेतकऱ्याच्या बायकोचं पत्र आलं, अशी गोष्ट तिकडे सांगतात. तिची मागणी साधी होती: रविवारी चर्चला जाताना पावसात भिजू नये आणि सोमवारी डुकरं बाजाराला नेता यावीत, अशी गाडी द्या. लू बँड्ट नावाच्या तरुण अभियंत्याने मोटारीचा मागचा भाग कापून तिथे हौदा बसवला आणि 1934 मध्ये 'यूट' जन्माला आली. तो प्रकार ऑस्ट्रेलियात ऐंशीहून जास्त वर्षं टिकला. अमेरिकेत तेच सूत्र लहान मोटारींवर वापरून पाहिलं गेलं आणि तिथे ते झटपट आटोपलं. डॉजने आपल्या छोट्या पुढच्या-चाकांच्या मोटारीवरून 'रँपेज' काढली ती 1982 मध्ये, आणि 1984 नंतर बंद केली. फोक्सवॅगनने पेनसिल्वेनियातल्या कारखान्यात रॅबिटला हौदा लावला. तीही ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातच संपली. सुबारूने 'ब्रॅट'च्या हौद्यात उघड्यावर दोन खुर्च्या बसवल्या, त्या हौसेपोटी नव्हे. आयात ट्रकवर अमेरिकेत पंचवीस टक्के कर होता आणि मागे बसायला जागा असली की कागदोपत्री ती ट्रक राहत नव्हती. कर चुकवण्याच्या कल्पकतेत आपणच पुढे आहोत असा ज्यांचा समज आहे, त्यांनी ब्रॅटचा फोटो जरूर पाहावा.

या सगळ्या गाड्यांमध्ये आधी मोटार होती आणि तिची पाठ कापून हौदा केला होता. टेल्कोकडे कापायला मोटारच नव्हती.

हे कसं, ते समजायला ऐंशीच्या दशकातलं लायसन्स-राज आठवावं लागेल. कोणत्या कारखान्याने काय बनवायचं आणि किती बनवायचं हे दिल्लीत ठरे. टेल्कोला व्यापारी वाहनांची मुभा होती, मोटारींची नाही. पिंपरी-चिंचवडचा कारखाना सुमंत मुळगावकरांनी 1966 पासून उभा केला तो याच चौकटीत. जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी 1954 मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार 1969 ला संपणार, हे मुळगावकरांना दिसत होतं. त्यानंतर कोणाच्या दाराशी जायला लागू नये म्हणून पुण्यात आधी यंत्र बनवणारी यंत्रं आणि पत्र्याला आकार देणारे साचे बनवायची सोय झाली, संशोधन केंद्र उभं राहिलं. गाड्या बाहेर पडायला लागल्या त्या 1977 नंतर. म्हणजे गाडीचं कातडं घडवण्याची विद्या कारखान्यात होती, परवाना तेवढा नव्हता. जपानच्या होंडाबरोबर मोटार काढायचा बेत ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर झाला, तो सरकारदरबारी अडला.

1985 मध्ये केंद्राने नियम थोडे सैल केले. चारचाकी बनवणाऱ्या कारखान्याला एका परवान्यावर जवळच्या प्रकारच्या गाड्याही बनवता येतील, असं ठरलं. त्याच सुमाराला हलक्या मालगाड्यांच्या बाजारात चार जपानी जोड्या उतरल्या: डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा आणि ऑल्विन निसान. यातली शेवटची आपल्या मराठवाड्याच्या शेजारची. तिचा कारखाना बीदरच्या पलीकडे जहीराबादला. उदगीरहून हैदराबादच्या वाटेने निघालेल्या माणसाच्या अंगावरून तिच्या नव्याकोऱ्या गाड्या जायच्या. जपानी मालाला तेव्हा अशी काही इभ्रत होती की टेल्कोचं आता काही खरं नाही, असं भलेभले म्हणत. टेल्कोने 1986 मध्ये 407 काढून त्या चौघींना पुरून उरायची तजवीज केली. 407 हे आपल्या उद्योगाच्या इतिहासातलं मोठं प्रकरण आहे, पण ते इथलं नव्हे. इथे एवढंच, की 407 च्या यशाने कंपनीला धीर आला आणि तिने आणखी एक पायरी खाली उतरायचं ठरवलं. खाली म्हणजे वजनाने. थाटाने पाहिलं तर ती पायरी वरची होती.

आता ही गाडी उमरीच्या मोंढ्यात उभी करून पाहू.

नांदेड जिल्ह्यातली उमरी म्हणजे मुदखेड आणि धर्माबादच्या मधलं स्टेशन. गाव लहान, पण व्यापार जुना. निजामी अमलात इथे सरकारी बँकेची शाखा होती आणि जानेवारी 1948 मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी ती लुटली. ज्या गावची बँक लुटण्याजोगी असते त्या गावच्या मोंढ्यात पैसा खेळतो, हे वेगळं सांगायला नको. तो पैसा कापसाचा. 1988 साली मात्र या मार्गावर मीटर गेज होतं. मनमाडला किंवा सिकंदराबादला पोचलेला माल पुढे ब्रॉड गेजवर जायचा तर वाघिणीतून वाघिणीत उतरवून घ्यायचा. लातूरची तऱ्हा याहून न्यारी, तिथे बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज. त्यामुळे लांबच्या मालाला ट्रक आणि जवळच्या मालाला बैलगाडी, ही विभागणी पक्की होती. मधल्या अंतरात, म्हणजे भोकर, धर्माबाद, नायगाव, नांदेड या वीस-पन्नास किलोमीटरच्या घेरात, मॅटाडोर आणि नंतर 407 धावायच्या.

या मधल्या अंतरासाठीच तर 206 होती. मग ती इथे का रुजली नाही?

पहिलं कारण कापूस. सुटा कापूस जागा खातो आणि वजन देत नाही. गाडीला टनभर पासिंग असलं तरी हौदा तोंडोतोंड भरून टनाच्या कितीतरी आधी थांबावं लागतं. उंच कठडे उभारून दाबून भरायचा तर 206 च्या ठेंगण्या हौद्याला ते शोभणारही नाही आणि झेपणारही नाही. शिवाय 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच घालायचा, आणि केंद्रापुढे बैलगाड्यांच्या रांगा. दोन-दोन रात्री रांगेत काढायच्या तर बैल परवडतात, त्यांना कडबा टाकला की झालं. भाड्याच्या गाडीचा खोळंबा कोण भरून देणार? केंद्रावरून जिनिंगला आणि तिथून गाठी पुढे जायच्या त्या मोठ्या ट्रकने. या सगळ्या साखळीत टनभर माल नेणाऱ्या गाडीला शिरायला फट नव्हती.

दुसरं कारण हमालांना विचारलं असतं तर पुण्याच्या अभियंत्यांना एका मिनिटात कळलं असतं. टेम्पोला तीन बाजूंनी फाळके असतात. तिन्ही खाली पाडले की हौद्याचा ओटा होतो. पाठीवर क्विंटलचं पोतं घेतलेला हमाल कोणत्याही बाजूने येतो आणि मान किंचित कलती करून पोतं जागेवर सोडतो. 206 चा हौदा मोटारीच्या अंगासारखा घडवलेला, दोन्ही बाजूंचा पत्रा जागचा न हलणारा. फाळका एकच, मागचा. म्हणजे हमालाने मागून यायचं, पोतं टाकायचं, मग कोणीतरी आत वाकून ते पुढे सरकवायचं. त्यात दोन्ही चाकांवरचे पत्र्याचे उंचवटे हौद्यात घुसलेले. पोत्यांचा थर सपाट बसत नाही, थप्पी लागत नाही. गाडी दिसायला देखणी होण्यासाठी जे जे केलं होतं ते ते भरताना आडवं यायचं.

तिसरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं आणि कागदावर कुठे नसतं. आपल्याकडे मालगाडी विकत घेणारा पासिंग किती आहे हे विचारतो आणि मग मनात त्याची दुप्पट करतो. गाडी ती पेलेल का, हा त्याचा खरा प्रश्न. मागच्या पाट्यांत दोन जादा पाटे घालून घेणं हे नव्या गाडीचं पहिलं काम असे, पूजेच्याही आधी. टेल्कोची गाडी म्हणजे दुप्पट पेलणारच, हा कंपनीने स्वतःच कमावलेला लौकिक होता. मोटारीसारखी मऊ चालणारी टेल्कोची गाडी हे कोणाच्या गळी उतरणार? पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन खड्ड्यांत माणसाला सुख देतं, पण दुप्पट माल घालून उमरी-नायगावच्या तेव्हाच्या रस्त्यावर नेलं की त्याच सुखाची किंमत गॅरेजात मोजावी लागणार, हे इथल्या मिस्त्रींना गाडीखाली न शिरताही कळत होतं.

मग ही गाडी होती तरी कोणासाठी? ठेकेदार, खताचा नाही तर पंपांचा विक्रेता, साखर कारखान्याचा किंवा एखाद्या सरकारी खात्याचा फिरता अधिकारी: ज्याला थोडा माल न्यायचा आहे पण मालाइतकंच आपलं येणंही दिसायला हवं आहे. अशी माणसं नांदेड-लातुरात होतीच. त्यांनी इतकी वर्षं जीपवर भागवलं होतं. हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडरच्या यंत्रावर बेतलेली ट्रेकरही होती, पण तिला ना जीपचा दणकटपणा ना मोटारीची अदब. डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त, आणि डिझेलवर चालणारी बरी मोटार बाजारात जवळपास नाहीच. मारुती पेट्रोलची, प्रीमियर पेट्रोलची. या गिऱ्हाइकाला 206 ची केबिन आवडली. हौद्याशी त्याला फारसं घेणं नव्हतं. त्याची मागणी एवढीच, की मागेही बसायला जागा करा.

ही मागणी कारखान्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण ती पोचली. मधल्या काळात कारखानाच हादरून निघत होता. 1988 च्या अखेरीस टेल्कोचं अध्यक्षपद मुळगावकरांकडून रतन टाटांकडे गेलं आणि त्याच सुमाराला पिंपरीत राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली कामगारांचा लढा पेटला. वर्षभर काम रेंगाळलं, मारामाऱ्या झाल्या. सप्टेंबर 1989 मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यापुढे बेमुदत उपोषणाला बसले. महिन्याच्या शेवटी एका पहाटे पोलिसांनी त्यांना बसगाड्यांत घालून उचललं. मुख्यमंत्री शरद पवार होते. दुसऱ्या संघटनेशी वेतनकरार झाला, नायर मागे पडले. मुळगावकर हे पाहायला नव्हते. ते त्याच वर्षी जुलैत गेले होते. मराठवाड्यातून पिंपरी-चिंचवडला पोट भरायला गेलेल्या पोरांची पहिली मोठी लाट तेव्हा नुकतीच तिथे टेकत होती. कायमची नोकरी म्हणजे टेल्को, आणि टेल्कोची नोकरी म्हणजे पोरीच्या बापाचा होकार, असं समीकरण असलेल्या घरांत त्या पहाटेची बातमी कशी वाचली गेली असेल याची कल्पना करता येते. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं लागते ती मालकाची निगराणी. 206 ची ती दोन वर्षं या धामधुमीत गेली.

लढा शमला आणि कंपनीने 206 कडे नव्याने पाहिलं. तेव्हा जे केलं ते दिसायला फार सोपं होतं. हौदा झाकला.

1991 ची सिएरा म्हणजे 206 च्या अंगावर चढवलेला टप आणि आत दुसरी बैठक. मागच्या बैठकीला वेगळं दारच नसल्यामुळे मागे बसणाऱ्याला पुढची खुर्ची वाकवून आत शिरावं लागे, आणि ती प्रसिद्ध वळलेली काच उघडत नसल्यामुळे वाऱ्यासाठी एसीवर भिस्त. 1992 ला इस्टेट आली. तिला चार दारं आणि मागे सामानाची ऐसपैस जागा. पॉवर विंडो, एसी, मऊ आसनं. या गाड्यांना आपण सहज मोटारी म्हणतो, पण समोरून नीट पाहिलं तर 206 चं कपाळ आणि 206 चं नाक तसंच आहे. इंजिनही तेच, 1,948 सीसीचं; मालगाडीला पुरेसं असलेलं ते यंत्र एसी लावून चढ चढताना धापा टाकायचं. मोटारींवरचा परवाना उठला 1993 मध्ये. म्हणजे परवान्याच्या जमान्यातच टेल्कोने मालगाडीच्या कुशीतून दोन मोटारी काढून दाखवल्या होत्या. बाकीच्या जगाने मोटार कापून पिकअप केली, पुण्याने पिकअप शिवून मोटार केली.

सिएरा आणि इस्टेट महाग होत्या. नांदेडच्या वजिराबादेत एखादी दिसली तर माणसं मालकाचं नाव विचारीत. 1994 ची सुमो मात्र घराघरांत पोचली. मुळगावकरांच्या नावातली सुरुवातीची अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं होतं. चासी त्याच कुळातली, सुरुवातीला इंजिनही तेच. अंग मात्र आता सरळ डब्यासारखं, दहा माणसं कोंबता येतील असं. तीन वर्षांत लाखभर सुमो विकल्या गेल्या. मराठवाड्यात सुमोचा काळ म्हणजे एक अख्खं राजकीय पर्व आहे: 1995 च्या विधानसभेपासून ज्याच्यामागे सुमो जास्त तो उमेदवार तगडा. दिवसा पुढाऱ्याची, रात्री वऱ्हाडाची, आणि जुनी झाली की काळ्या-पिवळ्या रंगात नांदेड-देगलूर. रुग्णवाहिकाही तिचीच. माल वाहण्यासाठी जन्मलेल्या चासीने माल वाहिला असता त्याच्या कितीतरी पट माणसं वाहिली.

206 ची खरी अडचण इथे झाली. जिच्यासाठी कोणी 206 घेत असे ती केबिनची ऐट सुमोत मिळायला लागली, वर आठ-दहा जणांची सोय. उरलेल्या हौद्याच्या कामाला 407 आणि मॅटाडोर होत्याच. ज्या मुलींना जन्म दिला त्यांनीच घर ताब्यात घेतलं.

परदेशात तिला थोडा मान मिळाला. स्पेनमध्ये 'टेल्कोलाइन' म्हणून आणि ब्रिटनमध्ये 'लोडबीटा' म्हणून ती नव्वदीच्या दशकात विकली गेली. स्वस्त आणि साधी डिझेल पिकअप म्हणून तिकडच्या शेतकऱ्याने ती घेतली. यॉर्कशायरच्या मेंढ्या पिंपरीत बनलेल्या हौद्यात उभ्या राहून बाजाराला गेल्या असतील तर आश्चर्य नाही. तो ऑस्ट्रेलियन बाईंचा सोमवार शेवटी कुठेतरी पुरा झाला.

इकडे मायदेशात टेल्कोने हट्ट सोडला आणि जे गिऱ्हाईक होतं त्याला हवं ते दिलं. 207 डीआय आली ती जवळपास तीन लिटरचं डिझेल घेऊन. आवाज मोठा, ओढ मोठी, ऐट कमी. मोंढ्याला हीच भाषा कळत होती. पुढे महिंद्राच्या बोलेरो पिकअपने तो सगळा प्रांतच बळकावला. आज अर्धापूरची केळी, धर्माबादची मिरची, वसमतची हळद जवळच्या पल्ल्यावर हलते ती तिच्या पाठीवरून. बोलेरो पिकअपवाल्याला पुढची बाजू मोटारीसारखी आहे का, असं कोणी विचारत नाही. पाटे किती आणि हप्ता किती, एवढंच बोलणं.

शहरी हौसेची पिकअप मधूनमधून परत येऊन जाते. टाटांनीच 2007 नंतर झेनॉन आणली. इसुझूने 2016 मध्ये व्ही-क्रॉस आणली, टोयोटाने 2022 मध्ये हायलक्स. आली तेव्हा हायलक्सची किंमत तीस लाखांच्या पुढे होती, आणि तिच्या हौद्यात काय भरायचं याचं उत्तर बऱ्याच मालकांनी सायकली आणि तंबू असं शोधून काढलं आहे. या गाड्या चांगल्या आहेत. पण टनभर माल आणि माणसाची इभ्रत एकाच वेळी वाहायची, हा 206 चा मूळ सौदा त्यांनी पुन्हा मांडलेला नाही. त्यांनी इभ्रतीची बाजू घेतली आणि माल सोडून दिला.

तो सौदा पुन्हा मांडला गेला तो पुण्यातच, आणि तोही उलट्या दिशेने. 30 डिसेंबर 1998 ला इंडिका आली, टेल्कोची खरीखुरी छोटी मोटार. तिचं डिझेल इंजिन 1,405 सीसीचं, चार सिलिंडरचं. काही वर्षांनी गिरीश वाघ आणि त्यांच्या तुकडीला काम मिळालं: तीनचाकी टमटमला टक्कर देईल अशी चारचाकी मालगाडी काढा, स्वस्तातली. त्यांनी इंडिकाचं इंजिन मधोमध अर्धं केलं. दोन सिलिंडर, 702 सीसी, सोळा अश्वशक्ती. इंडिकाचे इतरही काही सुटे भाग त्यात आले. मे 2005 मध्ये टाटा एस बाजारात उतरली. आता कंपनीकडे कापायला मोटार होती, आणि ऑस्ट्रेलियनांनी सत्तर वर्षांपूर्वी केलं ते पुण्यात इंजिनच्या पातळीवर झालं.

या वेळी मात्र कारखान्याने आधी जाऊन विचारलं होतं. तीनचाकी चालवणाऱ्यांना तुकडी भेटत फिरली. त्यातली एक गोष्ट नंतर बरीच गाजली: एका तरुण ड्रायव्हरने सांगितलं की त्याला चौथं चाक हवंय, कारण चारचाकी असली की गावात लग्न जमतं. ओझं, मायलेज, दुरुस्ती यांच्या यादीत हे उत्तर कोणी मागितलेलं नव्हतं. 206 ला हे उत्तर माहीत होतं. तिने फक्त ते अशा माणसाला विकायचा प्रयत्न केला ज्याचं लग्न केव्हाच झालेलं होतं. ठेकेदाराच्या ऐटीला शंभर वाटा असतात, टमटमवाल्या पोराला एकच.

एसच्या हौद्याला तिन्ही बाजूंनी फाळके आहेत. ओटा बुटका, हमालाला चढायची गरज नाही. वळायला इतकी लहान जागा लागते की उमरीच्या जुन्या बाजारातल्या गल्लीतही ती मागे-पुढे न करता फिरते. पासिंग पाऊण टन आणि भरतात किती, ते विचारू नये. 'छोटा हत्ती' हे नाव तिला लोकांनी लावलं आणि कंपनीनेही मग ते आपलं म्हटलं. सरकी, पेंड, सिमेंट, लग्नाचं फर्निचर, गणपती, बिऱ्हाड, शेळ्या: तालुक्याच्या गावात जे काही एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं ते आज बहुतेक तिच्यावर जातं.

आणि तरीही दोनच वर्षं गेली. 2007 मध्ये पुण्याने त्या हौद्यावरही टप चढवला, आत समोरासमोर बाकं टाकली आणि तिचं नाव ठेवलं मॅजिक. सकाळी उमरी स्टेशनाबाहेर भोकरची माणसं भरत उभी असते ती ही गाडी. सात जणांचं पासिंग आहे, बारा भरल्याशिवाय ती हलत नाही.